पाय सैल सोड

आम्रपालीचे पाय तिसऱ्यांदा हलले आणि टेक्निशियन शहेबाजनं कपाळावर हात मारून मशीन थांबवलं. बारा वर्षांच्या पोरीचं मांडीचं हाड किती आत वळलंय, ते सीटी स्कॅनवर मोजायचं होतं. ऑपरेशन करायचं की नाही, ते त्या मापावरच ठरणार होतं. पण खुब्याचा फोटो निघून मशीन गुडघ्याकडं सरकलं, की नेमके तेवढ्यात तिचे आत वळलेले पाय ताठ सरळ व्हायचे आणि सगळं माप वाया जायचं.

“मावशी, आता शेवटचं. सारखं सारखं करनं लेकराला चांगलं न्हाई,” काचेआड शेजारी उभ्या असलेल्या जाईबाईला तो म्हणाला.

जाईबाईचा जीव टांगणीला लागला. माइकवर वाकून ती लेकीवर खेकसली, “आमू, कावून हलवती गं? ऱ्हाऊ दे की पाय हायेत तसे!”

पोरीनं काचेकडं पाहिलं. “मी न्हाई हलवत, आई. तू बघायलीस ना, म्हणून व्हायलेत सरळ.”

शाळेच्या वाटेवर ‘सरळ टाक पाय’ म्हणत पोरीच्या पोटऱ्यांवर तुराटीचे फटके ओढणारी जाईबाईच तर होती. ती वळली आणि काचेकडं पाठ करून उभी राहिली.

मशीन पुन्हा सुरू झालं. खुब्याचा फोटो निघाला. मशीन गुडघ्याकडं सरकू लागलं.

“सैलच हायेत पाय,” शहेबाज दबक्या आवाजात म्हणाला. “मावशी, आता तुमी हलू नका.”