घोड्यांची अदलाबदल

पंचांनी स्पर्धेत शेवटी उरलेल्या दोघींना रिंगणाच्या मधोमध बोलावलं आणि एकमेकींचे घोडे घ्यायला सांगितलं.

गुण सारखे झाले की पंच असं करतात. कसब स्वाराचं की घोड्याचं, ते त्यातून कळतं. पण दोघींतल्या डॉक्टरीणबाई आजवर एकाच घोडीवर बसल्या होत्या. तिचं नाव मावशी. उतारवयाची, आखडू, पण बाईंना खोगिरावर टिकायला शिकवलं ते मास्तरांपेक्षा तिनंच जास्त.

बाई दातांच्या डॉक्टर. पन्नाशीला टेकल्यावर हे खूळ डोक्यात शिरलं. नवरा म्हणायचा, लोकांचे दात उपटून झाले, आता स्वतःचे पाडून घ्यायची हौस आलीय. तोच नवरा आज सकाळपासून कठड्याला टेकून उभा होता, मावशीसाठी सोललेली गाजरं घेऊन.

आज नुसत्या बक्षिसाचा प्रश्न नव्हता. मावशीच्या पुढच्या उजव्या पायाबद्दल मास्तरांना शंका होती. लंगडी घोडी तबेल्यात ठेवणार नाही, असं मालकांनी सांगून टाकलं होतं, आणि तिथून गेलेली म्हातारी घोडी पुढं कुठं जाते हे कुणी विचारत नसे. बाई मास्तरांशी हमरीतुमरीवर आल्या. माझ्याखाली ती कधीच लंगडत नाही, स्पर्धेत सगळ्यांसमोर चालवून दाखवते, मग तर झालं? मालक कबूल झाले. आणि खरंच, सकाळपासून मावशीच्या चालीला नाव ठेवायला जागा नव्हती.

बाई उतरल्या. मावशीची मान थोपटून त्यांनी लगाम समोरच्या उंच, कॉलेजातल्या मुलीच्या हातात दिला.

"उजव्या वळणावर तिला घाई करू नकोस."

"का? दुखतं का तिला?"

"छे. सवय आहे तिची," बाई म्हणाल्या.

मुलीचा काळा घोडा तरणाबांड होता. बाईंनी त्याला दुडकीत घातलं. दुडकीत घोड्याच्या तालावर खोगिरातून उठायचं आणि बसायचं. ते आता अंगवळणी पडलं होतं. पण काळा सारखा डावीकडे सरकत होता. परकं माणूस पाठीवर बघून वात्रटपणा करतोय, असं बाईंना वाटलं.

पंचांनी त्यांना थांबवलं. जवळ येऊन त्यांनी वाकून काळ्याचा पुढचा उजवा पाय खुरापर्यंत चाचपला.

"ह्याचा हा पाय दुखतोय का, बाई?"

"नाही. का बरं?"

"मग तुम्ही अंग डावीकडे टाकून का बसलाय? हा पाय टेकला की स्वतःला उचलून धरताय. घोड्याचा पाय दुखत असला की बसतात तशा बसलाय तुम्ही."

बाईंनी खाली पाहिलं. डावी रिकीब ताणलेली, उजवी सैल. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पेशंटची पापणी हलली तरी कुठली दाढ ठणकतेय ते ओळखणाऱ्या बाई. त्यांच्या अंगाला मावशीचं दुखणं केव्हाच कळलं होतं, त्यांनी तेवढं कळून घेतलं नव्हतं. त्यांना लाज वाटली, आणि लगोलग भीती वाटली.

कारण पंचांच्या पाठीमागे त्या मुलीनं मावशीला दुडकीत घातलं होतं. मुलगी शिकवल्याप्रमाणे ताठ, बरोबर मधोमध बसली होती. उजवा पाय टेकला की दर वेळी मावशीचं डोकं वर झटकत होतं.

हे अजून कुणी बघितलं नव्हतं. मास्तर आणि नवरा, दोघांचेही डोळे बाईंवर होते. नवऱ्यानं तर अंगठा वर करून दाखवला. आता मुलीला नुसती खूण केली असती, चालीवर आण म्हणून, तरी पंच वळेपर्यंत मावशी सावरली असती; असलं लंगडणं दुडकीत दिसतं, साध्या चालीत नाही. बाईंचा हात तसा उचललाही गेला.

मावशीचं डोकं पुन्हा वर झटकलं.

"तिला थांबवा," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "ह्याचा नाही, तिचा दुखतोय. उजवा, पुढचा."

मास्तरांनी मान खाली घातली. मुलगी घाबरून उतरली आणि तिच्या हातून लगाम सुटला. बाईही काळ्यावरून उतरल्या. काही सुचेना, तेव्हा रोज तबेल्याच्या दारातून मारायच्या तशी त्यांनी हाक मारली.

मावशीनं कान टवकारले. आणि सगळ्यांच्या देखत, जराही न लंगडता, ती बाईंकडे चालत आली.