गैनीअप्पांचे हात

या मायबाप, जरा पुढे सरकून बसा. दोन हातांची गोष्ट सांगतो.

आयटीआयच्या शेवटच्या परीक्षेत कालिंदीने दोन पट्ट्या वेल्ड केल्या. मुलाणी सरांनी हातोडीने वरची खपली झाडली आणि सांधा पाहून चष्मा वर केला.

"पोरी, ही तर तुझ्या बापाची रेघ! पास."

"हात त्यांचेच आहेत, सर."

आठवड्यापूर्वी दवाखान्यात गैनीअप्पांच्या हातांतलं वेल्डिंगचं कसब तिच्या हातांत उतरवलं होतं. घेणाऱ्याला आलं की देणाऱ्याचं जातं, हे बापलेकीला ठाऊक होतं. "माझे डोळे अधू झालेत, आता तूच कर," असं अप्पा हसून म्हणाले होते.

कालिंदीने सुटकेने हात टेबलावर टेकले, तशी बोटं आपोआप वाजू लागली.

"वा! पखवाज कधी शिकलीस?" सरांनी विचारलं.

ती कधीच शिकली नव्हती. देवळातल्या कीर्तनाला चाळीस वर्षं अप्पा वाजवत होते.

ती धावत घरी आली. एकादशी होती. अप्पांनी पखवाजाला कणीक लावून ठेवली होती आणि ते नुसतेच पुढ्यात बसले होते.

"बोल सगळे आठवतात गं," ते म्हणाले, "पण हात ऐकेनात. आठवडाभर बसतोय असाच. ते असू दे, पास झालीस ना?"

कालिंदीने हात पाठीमागे लपवले. तिथेही बोटं वाजतच होती.

मायबाप, आज कीर्तनात पखवाजावर पहिली थाप पडेल, तेव्हा गैनीअप्पांची एकदा आठवण काढा.