हौशी माणसालाच द्यायच्या

शटर अर्धंच वर होतं. दातांचे डॉक्टर वाकून गॅरेजमध्ये शिरले, तेव्हा एक बाई जमिनीवर मांडी घालून बसली होती. तिच्यापुढे दोन खोकी उघडी पडली होती.

डॉक्टरांनी खोक्यात डोकावून पाहिलं. लाल, पिवळ्या, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या विटा! अगदी त्यांच्या लहानपणच्या.

सकाळी मोबाईलवर जाहिरात दिसली होती. 'खेळण्यातल्या जुन्या विटा. फुकट, पण हौशी माणसालाच द्यायच्या आहेत.' त्यांनी हातातला चहा तसाच ठेवून निरोप धाडला होता. लगेच उत्तर आलं, 'गॅरेजचं शटर उघडं असेल. थेट आत या.' मग काय, दुपारचे पेशंट उद्यावर ढकलून डॉक्टर सुटले. पाठीमागून बायको ओरडली होती, "तुम्हाला या विटांचा वीट कसा येत नाही हो?"

बाई धडपडत उठली. अंगावर बसचालकाचा गणवेश, केस घामानं कपाळाला चिकटलेले.

"निरोप तुमचाच ना?" तिनं विचारलं.

"माझाच."

"मला बाई राहवलं नाही. उघडूनच बसले. चालेल ना?"

"चालेल काय, धावेल!" डॉक्टर म्हणाले आणि इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता खाली बसले.

खोक्यात हात घातल्यावर होणारा तो खळखळाट! तो ऐकला की डॉक्टर पुन्हा आठ वर्षांचे होत. त्यांनी कोपरापर्यंत हात बुडवला आणि मूठ वर काढली. मुठीत एक पारदर्शक, गोलसर वीट होती.

"दिव्याची!" ते ओरडलेच. "दीपस्तंभाची, वरच्या दिव्याची!"

घरी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर अख्खं बंदर उभं होतं. घरची माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवत, पण बंदराला कुणी हात लावत नसे. त्यातला दीपस्तंभ मात्र इतकी वर्षं बोडकाच राहिला होता. असल्या विटा आता निघतच नाहीत.

"अशा चार असतात," बाईचे डोळे लकाकले. "चार जुळल्या की पुरता गोल होतो. शोधा, शोधा!"

दोघांनी दोन्ही खोकी फरशीवर पालथी केली. दुसरी वीट बाईला मिळाली, तिसरी डॉक्टरांना. चौथी एका निळ्या विटेला घट्ट चिकटली होती. बाईनं ती सरळ दाढेखाली धरली.

"दातानं नको!" डॉक्टर किंचाळले. "असले तुटके दात रोज बघतो मी!"

"माझी सूनही हेच ओरडते," बाई हसत म्हणाली, पण वीट तिनं त्यांच्या हातात दिली. डॉक्टरांनी खिशातून एक पातळ पट्टी काढून ती अलगद सोडवली.

आता मनोरा उभा केल्याशिवाय कुणाला करमणार होतं! पण जुन्या विटांची पकड सैल झालेली. चार थर चढले की मनोरा डुलायला लागायचा. बाईनं जरा विचार केला, पर्स उघडली आणि आतून नव्याकोऱ्या काळ्या विटांची थैली काढली.

"खाली नव्या, वर जुन्या. नव्यांनी धरून ठेवायचं, जुन्यांनी मिरवायचं."

"पर्समध्ये विटा बाळगता तुम्ही?"

"तुमच्या खिशात नाहीत?"

डॉक्टर लाजले आणि त्यांनी खिसे रिकामे केले. पांढऱ्या निघाल्या, दोन करड्याही. बाई इतकी हसली की तिला ठसका लागला.

मनोरा गुडघ्याएवढा झाला. चारही पारदर्शक विटा वर बसल्या. बाईनं मोबाईलची बॅटरी लावून दिव्यामागे धरली, आणि गॅरेजच्या भिंतीवर उजेडाचं मोठं गोल वर्तुळ पडलं. दोघंही एकदम "आहाहा!" म्हणाली.

"किती नीट ठेवल्यात," डॉक्टर म्हणाले. "एक ओरखडा नाही."

"जीव लावल्याशिवाय अशा राहत नाहीत." बाईनं मनोऱ्यावरून बोट फिरवलं. "आणि अशा विटा कुणाला देऊन टाकायच्या म्हणजे... हात तरी धजतो का हो?"

डॉक्टर शिकायला वसतिगृहात गेले, तेव्हा आईनं त्यांचं खोकं कुणाला तरी देऊन टाकलं होतं. बिचारीची काही चूक नव्हती. पण त्यानंतर भंगाराचं एकही दुकान असं नव्हतं, जिथं ते डोकावले नाहीत. बाहेर गाडीची डिकी मोकळी करून ठेवलेली होती. टेबलावरचा बोडका दीपस्तंभ डोळ्यांपुढे आला. एक शब्द टाकला, की खोकी त्यांची! आणि या बाईचं काय?

"नाहीच धजणार," मन फिरायच्या आत ते भराभर म्हणाले. "ही खोकी इथून हलायलाच नकोत. इथंच राहू देत."

तिचे डोळे भरून आले होते.

"मला कधीचं कळलं होतं," ती म्हणाली. "नुसतं बोलायचा धीर होत नव्हता."

डॉक्टरांना एकदम पिसासारखं हलकं वाटलं. आयुष्यात इतकं मोठं काही आपण सोडलं नव्हतं, आणि सोडून इतका आनंदही कधी झाला नव्हता. 'आता बायकोला काय सांगायचं?' असं मनाशी म्हणत, गुडघे झटकत ते उठले.

तेवढ्यात बाईनं डोळे पुसले, पर्स खांद्याला लावली आणि त्यांच्याही आधी ती शटरखालून वाकून बाहेर पडली. मग वळून म्हणाली, "येते मी. पण तुमचं मन कधी बदललंच, आणि तुमच्या या विटा खरंच कुणाला द्यायच्या ठरल्या, तर पहिला निरोप मलाच धाडा हं!"