राहिलेली दोन अक्षरं

"बिब्बा लावलास व्हय?" रूपालीनं विचारलं.

चन्नम्मानं पदर बाजूला केला. उजवा हात टेबलावर. मनगटापासून कोपरापर्यंत फोड, काही फुटलेले, पाणी गळायलेलं. रूपाली सहा वर्षं चिंताकीच्या दवाखान्यात नर्स होती. बिब्बा उतलेला तिला दारातूनच ओळखू यायचा.

"गुडघ्याला जरासा लावतेत, मावशी. असा चोळून चोळून न्हाई."

"गोंदण काढायचंय."

रूपालीचा हात थांबला. ते गोंदण सगळ्या गावाला माहीत होतं. ज्ञानोबा. तीन अक्षरं. चन्नम्माचं लेकरू, दोन वर्षांचं होऊन तापानं गेलं. त्याला पस्तीस वर्षं झाली. एकही फोटो नव्हता. ते गेल्यावर महिन्याभरात ती जत्रेला गेली आणि गोंदणारणीला म्हणाली, एवढं नाव घाल. तिला वाचता येत नाही. पण कोणतं अक्षर कुठं आहे ते तिच्या बोटाला पाठ होतं.

"कामून काढायलीस?"

"बाप्तिस्मा देईनात. शास्त्रात लिवलंय म्हणं. मेलेल्यासाठी अंगाला जखम करू नये, गोंदून घेऊ नये. पास्टर अण्णानं वाचून दाखवलं."

"आन् ही काय केलीस मग? ही जखम न्हाई?"

रूपालीनं मलम लावायला घेतलं.

"तुमचा देव चामडं तपासून आत घेतो का गं?"

"माझ्यावर कामून चिडायलीस? हळू लाव की."

चार वर्षं चन्नम्मा दर रविवारी जीपनं कमलनगरच्या प्रार्थनाघरात जात होती. सगळ्यांच्या आधी पोचायची. झाडून काढायची, सतरंज्या अंथरायची. आणि प्रभुभोजनाची वेळ झाली, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षाचा रस फिरायला लागला, की उठून मागं जायची. बाप्तिस्मा न झालेल्यांनी दाराशी बसायचं, चपलांपाशी. सतरंजी तिनं घातलेली, आणि बसायची चपलांपाशी. चार वर्षं. भाकरीची भूक नव्हती तिला. तिला फक्त ओळीत बसायचं होतं.

पास्टर बसवेश वाईट माणूस नव्हता. त्याचाच जास्त राग येतो. चन्नम्माचा नवरा वारला तेव्हा तो पावसात मोटारसायकलवर चिंताकीला आला होता. तिच्याजवळ जमिनीवर बसला आणि एक वचन वाचलं. आई एकवेळ पोटच्या लेकराला विसरंल, पण देव म्हणतो, मी तुला विसरणार नाही. लेकरू गेल्यापासून तिच्यापुढं कोणी लेकराचा शब्दसुद्धा काढला नव्हता. दुसऱ्या रविवारी तिनं जीप धरली ती अजून सुटली नाही.

तोच माणूस, तेच पुस्तक. चार वर्षांनी त्यानं दुसरं पान उघडलं.

पंधरा दिवसांनी बाप्तिस्म्याचा रविवार आला. रूपाली सोबत गेली. तिचा यातल्या कशावर विश्वास नव्हता, पण बाप्तिस्म्यात माणसाला हौदात बुडवतात, त्या पाण्यात जखम भिजू नये म्हणून गेली. प्रार्थनाघरामागं सिमेंटचा हौद भरलेला. पांढऱ्या कपड्यातले चौघं रांगेत. चन्नम्मा पाचवी. साडी नवी होती.

"दाखवा, अव्वा," पास्टर म्हणाला.

तिनं पट्टी सोडली. कातडी गुलाबी, ताणलेली. तिनं सवयीनं बोट फिरवलं आणि बोट पहिल्याच जागी अडलं. तिथं नुसता व्रण.

"पहिलंच गेलं व्हय गं?" तिनं रूपालीला विचारलं.

"ज्ञा."

चन्नम्मानं मान हलवली. पुढची दोन्ही तशीच होती. हिरवी, ठसठशीत.

पास्टरनं हात जवळ घेऊन पाहिला. "चांगलं केलंत. तुमची धडपड देव बघायलाय. पण अजून दोन अक्षरं राहिलीत. तेवढी गेली की पुढच्या वेळी नक्की. आज मागं बसा."

"त्या हाताला परत बिब्बा लागला तर हात सडंल," रूपाली म्हणाली. "कळायलंय का तुम्हाला?"

"सिस्टर, नियम मी केलेला न्हाई."

"बिब्बा लावायला सांगायलाव ते तर तुम्हीच."

रांगेतले चौघं खाली बघायला लागले. चन्नम्मा जागची हलली नाही. डाव्या हातानं तिनं राहिलेली दोन अक्षरं झाकली, लेकराच्या टाळूवर हात ठेवावा तशी.

"अण्णा, माझ्या घरी येऊन वचन वाचलं होतं तुम्ही. आई विसरंल, देव विसरणार न्हाई. त्याच्या पुढं काय होतं?"

पास्टरला पुढचं पाठ होतं. तोंडावर दिसतच होतं ते.

"मला तर वाचता बी येत न्हाई. पण चार वर्षं रोज म्हणायलेय. देव म्हणतो, बघ, तुला मी माझ्या तळहातावर कोरून घेतलंय."

तिनं पट्टी हातात गोळा केली आणि दाराकडं निघाली. उंबऱ्याशी वळली.

"त्याचा बी हात गोंदलेला हाय, अण्णा. आला तर त्याला बी चपलांपाशीच पाठवा. मी सरकून जागा देते."