खडूची रेघ

"दोन वर्षं बंद पडणार नाहीत, गॅरंटी माझी," नवे हेडलाइट बसवून मी गाडीमालक सरनोबतांना म्हणालो.

"जुन्या दिव्यांनी घात केला. परवा घाटातल्या धुक्यात काही दिसलंच नाही," चेपलेल्या बॉनेटवरून हात फिरवत ते पुटपुटले.

झोत जुळवायला आम्ही गॅरेजच्या भिंतीवर खडूची रेघ मारतो. दिवे लावले, तर रेघेवर एका बाईची सावली पडली. डोक्यावर मोळी, एक हात 'थांबा' म्हणत वर केलेला. गाडीपुढे कुणीच नव्हतं.

"जुनेच बसव!" सरनोबत ओरडले.

मी स्विच बंद केला, मग बॅटरीची वायरही काढली. दिवे विझले नाहीत. माणूस दिव्याजवळ येऊ लागला की भिंतीवरची सावली मोठी होत जाते.

ही होत होती.