न हललेली रेघ

नाथाजीने टेबलावर रायफलीची दुर्बीण धरून ठेवणाऱ्या रिंगांच्या दोन जोड्या मांडल्या. एक अॅल्युमिनियमची, दुसरी पोलादाची. लालासाहेबांनी दोन्ही तळहातांवर तोलून पाहिल्या आणि डोळे मिटूनच सांगितले, "ही जड."

"जडच पायजे, सुभेदार. हत्तीसाठी घडवलेली रायफल ही. हलकी रिंग हिच्या धक्क्यापुढं टिकत न्हाई. दुर्बीण सरकती, आन् मग गोळी कुठं जायची ते तिचं तिलाच ठावं."

"तेच झालंय रं गड्या. तीन डुकरं हुकली माझी. समदं रिंगांपायी."

नाथाजी पलटणीत हत्यारे दुरुस्त करणारा हवालदार होता. आता मिरजेत त्याचे बंदूकदुरुस्तीचे परवानाधारक दुकान होते. लालासाहेब त्याच पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. उसात रानडुकरे शिरली की गाव त्यांना बोलवायला दाराशी येई. बायको गेल्यापासून एरवी त्या दाराशी कोणी येत नसे.

जुन्या रिंगा उतरवताना नाथाजीला जाणवले, त्या घट्ट होत्या. वरून घट्ट दिसणारी रिंगही आतून दगा देते, असे त्याने स्वतःला समजावले आणि पोलादाची जोडी उचलली. स्क्रूचे आटे स्पिरिटने पुसले. एकेक स्क्रू पाव-पाव फेऱ्याने आवळत गेला, आधी एक, मग त्याच्या समोरचा, तिरपा. दुर्बिणीला कुठल्याच बाजूचा पक्षपात वाटू नये अशा बेताने.

"डोळं मिटा. रायफल खांद्याला लावा. गाल टेकवा. आता उघडा. काचंतलं वाटोळं पुरं दिसतंय का?"

"दिसतंय."

उत्तर जरा लवकर आले.

नाथाजीने भिवई आणि काच यांमध्ये चार बोटे धरून पाहिली. "ह्याच्यापरीस जवळ यायचं न्हाई. कपाळ फोडंल." मग सुईच्या टोकाने त्याने जिथे दुर्बिणीची नळी रिंगेत शिरते तिथे, नळीवर आणि रिंगेवर मिळून, एक केसाएवढी रेघ ओढली. "ही तुटली, म्हंजे दुर्बीण सरकली, तर दोष माजा. तीस वर्सांत तुटलेली न्हाई."

गावाबाहेरच्या दगडखाणीत दुपारी कोणी नव्हते. पन्नास पावलांवर नाथाजीने पांढरा कागद लावला. लालासाहेब दगडावर कोपर टेकून बसले. पहिल्या बाराने खाण हादरली आणि हळूहळू पुन्हा आपल्या शांततेत बसली. दुसरा बार. तिसरा. प्रत्येक धक्क्याला म्हाताऱ्या खांद्याने मागे जाऊन परत जागा घेतली.

कागद जसाच्या तसा कोरा होता.

नाथाजी रायफलीवर वाकला. रेघ सरळ होती. तो गरजेपेक्षा अधिक वेळ वाकून राहिला.

"सरकली का?" लालासाहेबांनी विचारले. आवाजात आशा होती.

"न्हाई. जागच्या जागी हाय."

"पुन्ना बघ."

"बघितली, सुभेदार."

खाणीच्या तळाशी साचलेल्या पाण्यावर एक पाकोळी चुबकन शिवून गेली. लालासाहेब काही वेळ त्या आवाजाच्या दिशेने तोंड करून बसले.

"हितंच मिरजंत दोन डॉक्टरांना दावलं," ते म्हणाले. "काचबिंदू. गेली ती नजर माघारी येत न्हाई म्हणालं."

"आवं, मग रिंगा कशाला बदलायला लावल्या?"

"म्हटलं, डॉक्टर बी माणूसच. चुकला आसंल. रिंगाच आसतील."

नाथाजीने पेचकस पिशवीत टाकला. लालासाहेबांनी तो आवाज ओळखला.

"टाकू नगंस. मागली रिंग ढिली कर."

"आन् काच कपाळात घुसली म्हंजे?"

"घुसू दे. टाकं बघायला तरी माणसं येतील. आतला डोळा कुणाला दिसतोय? नेम चुकला तर रिंग ढिली हुती म्हणतील, सुभेदार संपला आसं न्हाई म्हणणार."

"रिंग कुणी बशिवली इचारलं तर?"

या प्रश्नापर्यंत लालासाहेब पोहोचलेले नव्हते.

नाथाजीने स्क्रूला हात लावला नाही. रेघेवरून एकदा अंगठा फिरवला, रायफल रिकामी असल्याची खात्री केली आणि ती स्वतःच्या खांद्याला अडकवली.

"कपाळ ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "माजं नाव सांगा. म्हणावं, नाथाजीचा हात पयल्यासारखा ऱ्हायला न्हाई. रायफल बिघडवून ठिवली. ती माज्याकडंच पडल्याली हाय."

"लोक हसतील तुला."

"हसू द्यात. हवालदाराला सवय हाय त्याची."

खाणीतून वर येणारी वाट उंचसखल होती. नाथाजी अर्धे पाऊल पुढे चालत, वाटेला शिव्या दिल्यासारखा स्वतःशीच बोलत राहिला. हितं दगूड. हितं खड्डा, मेल्यांनी बुजवला न्हाई. सुभेदारांचा हात त्याने धरला नाही. त्यांनीही मागितला नाही.

मग सडक लागली, सपाट. सांगायला हवे असे काही उरले नव्हते. नाथाजी तरी सांगत होता: बाभळ आली, मैलाचा दगूड आला, सायकलवर कुणीतरी चाललाय दुधाची घागर घिऊन. लालासाहेब प्रत्येकाकडे मान वळवून पाहत होते. दर वेळी, ती गोष्ट मागे निघून गेल्यावर.