जरासा ओलावा

पुडी पुन्हा सांध्यावर उकलली आणि आतला निळा पातळ साबण वृषालीच्या चष्म्यावर उडाला. पुडीची पाण्यात विरघळणारी फिल्म दमट हवेने बिघडू नये म्हणून ती ओव्हनमध्ये वाळवत होती, तरी विद्युतलहरींनी तापवून चिकटवणाऱ्या मशीनखाली तिच्या कडा जुळतच नव्हत्या.

“ताई, पुरे झालं. मशीन विकत घ्यायला गिऱ्हाईक आलंय,” धाकटा भाऊ म्हणाला.

“बसू दे. चहा पाज त्याला!”

चष्मा पुसायला तिने काचेवर हाऽ केलं आणि त्या वाफेकडे बघतच राहिली. मग शेवटच्या फिल्मच्या कडांवरही तसाच श्वास सोडला आणि मशीन दाबलं.

भावाने पुडी ओढली, पिळली. सांधा हलला नाही. जो ओलावा ती हट्टाने घालवत होती, तोच सांध्याला हवा होता.

“गिऱ्हाइकाला काय सांगू?”

“चहालाच बोलावलं होतं म्हणावं.”